वॉकीटॉकी घ्या, पण कोणता ते बघून

संपादक महोदय, स. न. वि. वि.

पावसाळ्यापूर्वी काय काय घरात ठेवावं याची यादी आपल्या अंकात वाचली. मेणबत्त्या, क्लोरीनच्या गोळ्या, आणि शेवटी ‘वॉकीटॉकी’, बस, एवढंच. कोणता, कुठे चालतो, याबद्दल अक्षर नाही. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये 31 वर्षं ऑपरेटर होते, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना.

ऑगस्ट 2024 मध्ये बडोद्यातली विश्वामित्री नदी 35 फुटांवर गेली (धोक्याची पातळी 26 फूट), तेव्हा आमच्या कारेलीबागेत वीज गेली आणि काही तासांत मोबाइलही मुका झाला. टॉवरची बॅटरी किती वेळ पुरणार? जाऊबाई समा भागात, आम्ही इथे, मध्ये पाणी. तीन दिवसांनी त्यांचा आवाज ऐकला.

पाणी ओसरल्यावर मी तावातावाने ऑनलाइन जोडी मागवली. खोक्यावर ‘10 किलोमीटर’ लिहिलेलं. माझा भाचा हॅम आहे, म्हणजे परीक्षा देऊन, लायसन्स घेऊन हौसेने रेडिओवर बोलणारा. त्याने सेट हातात घेऊन कपाळाला हात लावला. ‘मावशी, हा कुठल्याही फ्रिक्वेन्सीवर बोलतो. लायसन्सशिवाय हा वापरायचा नाही.’ परत केला. 2025 मध्ये केंद्राने ऑनलाइन विक्रीसाठी नियम काढले, की सेटची फ्रिक्वेन्सी आणि लायसन्स लागतं की नाही हे जाहिरातीतच सांगायचं. माझ्या वेळी ते नव्हतं.

लायसन्स न लागणारे सेट 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झचे. ताकद अर्धा वॅट, अँटेना सेटलाच जोडलेला, बदलता येत नाही. आता आमच्याकडे तसे चार आहेत. पार्किंगमधून दुसऱ्या विंगच्या जिन्यापर्यंत चालतात, गच्चीवरून चौकापर्यंत. समापर्यंत नाहीच पोचत, हे आधीच सांगितलेलं बरं. पण पुरात सोसायटीतली माणसं एकमेकांना सापडली तरी पुष्कळ झालं. पेन्सिल सेलवर चालणारेच घ्या, वीज नसताना चार्जर काय कामाचा? आणि ‘प्रायव्हसी कोड’ या नावाला भुलू नका. त्या चॅनेलवरचा कोणीही ऐकू शकतो, तेव्हा ‘घर रिकामं आहे’ असलं काही बोलायचं नाही.

बोलायची रीत मात्र शिकावी लागते. टेलिफोनवर दोघं एकदम बोलू शकतात, इथे एका वेळी एकच. बटण दाबून सेकंदभर थांबायचं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. आमच्या ‘ह्यांनी’ घाईघाईत ‘सात दुधाच्या पिशव्या’ सांगितलं, वर ऐकू आलं नुसतं ‘दुधाच्या पिशव्या’. म्हणून आकडा परत म्हणून घ्यायचा. ट्रंक कॉलच्या दिवसांत आम्ही हेच करायचो.

पल्ला वाढवायचा असेल तर हॅमची परीक्षा द्यावी. वय 12 पुरे हवं. रेडिओचं तंत्र आणि नियम असे दोनच भाग, लायसन्सच्या खालच्या दर्जाला मोर्स (टिंब-रेघांची तारेची लिपी) लागत नाही. 144 ते 146 मेगाहर्ट्झवर हातातला सेट कुठवर जातो हे मी ऐकलंय. भाचा दूर पावागडच्या डोंगरावर माचीला चहा पीत होता आणि मी इथल्या गच्चीवर त्याच्या मित्राच्या सेटला कान लावून बसले होते. आवाज इतका स्वच्छ की कपबशीचा खणखणाटही आला. (मी नुसतं ऐकलं, बोलायचं लायसन्स माझ्याकडे नाही.) 2001 च्या भूकंपात कच्छमध्ये फोन बंद पडले, तेव्हा याच हॅम मंडळींनी निरोप पोचवले. नातू यंदा बारा पुरे करतोय, त्याच्याबरोबर मीही अभ्यासाला बसलेय. ओहमचा नियम त्याला मी शिकवते, बाकीचं तो मला.

दर रविवारी सकाळी आठला आमच्या चार घरांची तपासणी असते. गेल्या वेळी समोरच्या विंगमधले पटेलकाका गच्चीवर छत्री घेऊन उभे राहिले आणि ओरडले, ‘बेन, बराबर सांभळाय छे?’ (ताई, नीट ऐकू येतंय का?) बटण न दाबताच. तरीही ऐकू आलं.

पुढच्या यादीत ‘वॉकीटॉकी’च्या पुढे 446 हा आकडा तेवढा छापावा, ही विनंती.

आपली एक जुनी वाचक,
कारेलीबाग, बडोदे