कूलंट बदललं, पण हवा काढली का?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

ज्योतिबाची चैत्र यात्रा जवळ आली, पाठोपाठ मे महिन्याची सुट्टी, म्हणजे आता गावातल्या सगळ्या गॅरेजात सर्व्हिसिंगला रांगा लागणार आणि ऑईल बदलता बदलता मेस्त्री विचारणार, साहेब कूलंट पण बदलून टाकू का. कूलंट म्हणजे इंजिनात आणि रेडिएटरमध्ये फिरून इंजिन गार ठेवणारा द्राव. बदला, जरूर बदला. पण बदलल्यावर आत अडकलेली हवा काढा आणि ती खरंच निघाली का हे बघूनच गाडी ताब्यात द्या आणि घ्या, एवढं एकच सांगायला हे पत्र लिहितोय.

फेब्रुवारीत मी माझ्या पेट्रोल गाडीचं कूलंट बदलून घेतलं. गॅरेजचं नाव लिहीत नाही, माणसं वाईट नाहीत, घाईत होती, आणि ती घाई मीच लावलेली कारण मला सेकंड शिफ्टला शिरोलीत पोचायचं होतं. खालचा पाईप काढला, जुनं तांबूस पाणी सोडलं, पाईप परत बसवला, वरनं नवीन कूलंट ओतलं, तोंडापर्यंत आलं, टोपण लावलं, चाळीस मिनिटांत गाडी हातात. पुढचे चार दिवस राजारामपुरी ते शिरोली एमआयडीसी रोज जाणं येणं केलं, तापमानाचा काटा एकदम मधोमध. फक्त सकाळी स्टार्टर मारला की डॅशबोर्डच्या मागं पाणी खळखळल्यासारखा आवाज यायचा. बायको म्हणाली पण, हे काय वाजतंय. मी म्हटलं नवीन कूलंट आहे, बसेल दोन दिवसांत.

रविवारी आईला घेऊन गणपतीपुळ्याला गेलो. जाताना आंबा घाट उतारच, इंजिनाला काही कामच नाही, त्यामुळं काही कळलं नाही. येताना साखरपा सोडलं, चढ लागला, पुढं दोन लोडेड ट्रक, सेकंड गियर, आणि काटा वर सरकायला लागला. मग एकदम खाली आला. मग परत वर. मी एसी बंद केला आणि कुणीतरी कधीतरी सांगितलेलं म्हणून हीटर फुल गरमवर टाकला, म्हणजे इंजिनाची उष्णता आत ओढली जाईल, तर आत गार हवा! इंजिन तापलंय आणि हीटर गार वारा मारतोय, हे मला त्यावेळी काही केल्या समजेना. वळणावर जागा बघून थांबेपर्यंत लाल दिवा लागला होता आणि बॉनेटखालनं वाफ. मी फडका घेऊन टोपणाला हात घालणार एवढ्यात मागच्या ट्रकमधला वयस्कर ड्रायव्हर ओरडत आला, दादा हात लावू नका, तोंडावर येईल सगळं. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. तो पुढं निघून गेला, नाव विचारायचं पण राहिलं. दीड तास आई रस्त्याच्या कडेला दगडावर बसून होती. गार झाल्यावर टोपण काढलं तर पाणी दिसतच नव्हतं. दीड लिटर पाणी मावलं त्यात! सगळ्या सिस्टीममध्ये मिळून साधारण पाच लिटर बसतं, म्हणजे वाफेनं गेलं ते सोडलं तरी चार दिवस मी कितीतरी हवा घेऊन फिरत होतो.

आता ही हवा करते काय ते सांगतो, आणि हे कोल्हापूरच्या माणसाला वेगळं शिकवायला नको. पंचगंगेवर ज्याची मोटर आहे त्याला विचारा. फुटव्हॉल्व्ह, म्हणजे पाईपाच्या तळाची झडप, गळला, पाईपात हवा शिरली की मोटर नुसती घुमते, पाणी उचलत नाही, मग वरनं बादलीनं पाणी भरून हवा बाहेर काढल्याशिवाय ऊस वाळला तरी पाट वाहणार नाही. गाडीचा वॉटर पंप म्हणजे तसाच, आत फिरणारा पंखा असलेला. त्याला पाणी ढकलता येतं, हवा ढकलता येत नाही. ट्रॅक्टरचं डिझेल संपलं तर शेतकरी स्वतः पाना घेऊन ब्लीड स्क्रू सैल करतो, हातपंप मारत बसतो, फेस जाऊन सलग डिझेल आलं की मगच आवळतो. ब्रेक ऑईल बदललं तर हवा काढल्याशिवाय कुठलाच मेस्त्री गाडी बाहेर काढत नाही. आणि मी फौंड्रीत काम करतो, आमच्याकडं साच्याला व्हेंट ठेवले नाहीत, गॅसला वाट दिली नाही की कास्टिंगला ब्लो होल, म्हणजे आत पोकळी, येतंय हे पहिल्या महिन्यातलं पोरगं पण सांगेल. एवढं सगळं ज्या गावाला माहिती आहे त्या गावात कूलंटचं काम मात्र वरनं ओतलं की झालं असं कसं समजतात, हे मला खरंच कळत नाही.

हवा वर चढते आणि सगळ्यात उंच जागी जाऊन बसते. गाडीत उंच जागा म्हणजे डॅशबोर्डमागचं हीटरचं छोटं रेडिएटर, थर्मोस्टॅटचं, म्हणजे पाणी गरम झाल्यावरच रेडिएटरकडची वाट उघडणाऱ्या झडपेचं, घर आणि इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग. हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास सगळ्यात जास्त ताप असतो, तिथं पाण्याच्या जागी हवा असली की उष्णता नेणारं कुणीच नाही, शेजारचं पाणी उकळतं, वाफ होते, वाफेनं अजून पाणी मागं हटतं. अर्धं कूलंट अर्धं पाणी हे मिश्रण उघड्यावर १०७ अंशाच्या आसपास उकळतं, टोपणातल्या स्प्रिंगच्या दाबामुळं ते सव्वाशेच्या आसपास जातं, पण हवा असली तर हा सगळा हिशोब कोलमडतो. आणि तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडलेला असेल तरच खरं सांगतो, हवेत लोंबकळत असेल तर काटा मधोमध दाखवून इंजिन आत शिजत असू शकतं. माझा काटा वर खाली नाचत होता तो ह्याचमुळं, आणि हीटर गार वारा मारत होता तो त्याच्या रेडिएटरमध्ये पाण्याच्या जागी हवा होती म्हणून.

हेड उतरवावं लागलं. उद्यमनगरात मशीन शॉपवर पट्टी लावून फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पत्री, घातला तर ०.१५ मिलीमीटर वाकलेलं, बहुतेक गाड्यांना ०.०५ च्या आसपासच चालतं. फेसिंग म्हणजे हेड घासून सपाट करणं, हेडखालचं गॅस्केट, ऑईल, मजुरी धरून बावीस हजार गेले. काम मात्र उद्यमनगरनं एक नंबर केलं, त्याबद्दल शंकाच नाही.

पण मला खरं शिकायला मिळालं ते शेवटी, कूलंट भरताना. म्हातारे मेस्त्री होते, मला म्हणाले, आधीच्यानं हवा काढलीच नाही की ह्यातली, बसा इथंच आणि बघा. त्यांनी गाडीचं तोंड रॅम्पवर चढवलं, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच झालं. चावी फिरवून हीटर फुल गरम, ब्लोअर एकवर. आपल्याकडं हीटर कोण लावतंय, वर्षानुवर्षं ते बटण निळ्यावरच असतं, आणि काही गाड्यांत हीटरचा व्हॉल्व्ह बंद असला तर तिकडं पाणीच फिरत नाही, तिथली हवा तिथंच. मग थर्मोस्टॅटजवळचा ब्लीड स्क्रू एकदीड आटा सैल केला आणि कूलंट हळूहळू, अगदी धार बारीक ठेवून ओतलं. स्क्रूतनं आधी फुस्स, मग फेस, मग बुडबुडे, मग सलग धार, तेव्हा स्क्रू हलकाच आवळला, ताकद लावली तर तुटतो म्हणाले. मग टोपण न लावता गाडी स्टार्ट, आयडलवर. वरचा होस पाईप फडक्यात धरून दाबायचा सोडायचा, दाबायचा सोडायचा, प्रत्येकवेळी भक् करून बुडबुडा वर यायचा आणि पातळी खाली जायची, तेवढं परत भरायचं. साधारण ८२ ते ८८ अंशाला थर्मोस्टॅट उघडला तशी पातळी एकदम खाली गेली आणि खालचा पाईप हाताला गरम लागायला लागला. रेडिएटरचा फॅन एकदा लागला, बंद झाला. मेस्त्री हलले नाहीत. दुसऱ्यांदा लागला, बंद झाला, हीटरमधनं कढत हवा आली, तेव्हा टोपण. पाऊण तास. सकाळी गार इंजिनावर कूलंटची बाटली बघा, खुणेखाली गेलं तर भरा, आणि आठवडाभर रोज बघा म्हणाले.

थर्मोस्टॅटच्या चकतीला एक बारीक भोक असतं, काहींमध्ये हलती पिन असते, ती बाजू वर ठेवून बसवायची म्हणजे बंद असताना पण हवा तिथनं निसटते, हे पण त्यांनीच दाखवलं. बरेच जण गाडी तापली की थर्मोस्टॅटच काढून टाकतात, ते मला अजिबात पटत नाही, इंजिन नको तेवढं गार राहतं, पेट्रोल जास्त खातं आणि तापण्याचं खरं कारण तसंच राहतं.

सगळ्या गाड्यांची रीत एक नाही हे मात्र लक्षात घ्यावं. काहींना ब्लीड स्क्रूच नसतो, काहींना रेडिएटरवर टोपण नसून दाबाचं टोपण कूलंटच्या टाकीवर असतं, आणि ज्यांना विजेवर चालणारा पंप आहे त्यांचा पंप बऱ्याचदा स्कॅनर लावून फिरवावा लागतो, तिथं घरी प्रयोग करू नका, गाडीचं पुस्तक उघडा. कॉम्प्रेसरवर चालणारं व्हॅक्यूमचं उपकरण पण मिळतं, ते आधी सगळी हवा ओढून घेतं, गळती असेल तर तिथंच कळतं आणि मग कूलंट आपोआप आत शोषलं जातं. कॉम्प्रेसर बहुतेक गॅरेजात आहेच, हे एक उपकरण घेतलं तर पाऊण तासाचं काम बरंच लवकर होतंय. आणि कितीही वेळ हवा काढली तरी बुडबुडे थांबतच नसतील तर ती बाहेरची हवा नाही, हेड गॅस्केटमधनं जळका गॅस येतोय, त्याची निळ्या द्रावाची टेस्ट असते, पेट्रोल गाडीत द्राव पिवळा पडला की समजायचं.

अजून एक, जुनं कूलंट गटारीत सोडू नका हो. ते गोडसर असतं, कुत्री मांजरं चाटतात आणि मरतात, आणि आपल्या गटारी जयंती नाल्याला, नाला पंचगंगेला, हे काय वेगळं सांगायचं. कॅनमध्ये भरून ठेवा.

माझी गॅरेजवाल्यांना विनंती एवढीच की बिलावर कूलंट बदललं ह्याच्या खाली अजून एक ओळ लिहा, हवा काढली, फॅन दोनदा लागला, हीटर गरम आला. त्या पाऊण तासाची मजुरी वेगळी लावा, आम्ही देऊ, बावीस हजारापेक्षा ती नक्कीच कमी आहे. आणि गाडीवाल्यांना विनंती की त्या दिवशी दुसरं काम ठेवू नका, मेस्त्रीच्या मागं लागू नका, आणि गाडी घेतल्यावर आधी गावात न फिरवता पन्हाळ्याच्या चढाला एकटे जाऊन या, वर पोचल्यावर काटा बघा, हीटर लावून बघा, आवाज ऐका. खळखळ असेल, हीटर आयडलला गार आणि रेस दिली की गरम येत असेल, तर तिथनंच गॅरेजला परत.

साहेब, जमलं तर हे पत्र यात्रेच्या आधीच्या रविवारी छापा. यात्रेदिवशी ज्योतिबाच्या चढाला गाड्या फर्स्ट गियरमध्ये मुंगीच्या चालीनं जातात, समोरनं वारा नाही, वरनं चैत्रातलं ऊन, आत म्हातारी माणसं आणि लहान पोरं, आणि त्यातल्या बऱ्याच गाड्यांचं कूलंट त्याच आठवड्यात बदललेलं असणार.

आपला,
शिरोलीच्या फौंड्रीत काम करणारा एक वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर