आजीच्या चष्म्यातून पाताळेश्वर

पुणे,
२२ मार्च

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

पार्सलमध्ये एक पुठ्ठ्याचं खोकं आणि ६ फोटो आहेत. आधी हे पत्र वाच, मगच खोक्याला डोळे लाव. फोटो पाहून वाटेल की एकच चित्र शेजारी शेजारी दोनदा छापलंय. तसं नाही. एक डाव्या डोळ्याला जे दिसतं ते, दुसरं उजव्याला दिसतं ते. लहानपणी तुझ्या मामांनी आणलेला लाल व्ह्यू-मास्टर आठवतो, डोळ्यांना लावून चित्रं बघायचं ते खेळणं? त्याच्या गोल चकतीवर १४ इवलीशी चित्रं असायची आणि खटका ७ वेळाच दाबायचा. तेव्हा आपल्याला कळलं नव्हतं की प्रत्येक वेळी समोरासमोरची दोन चित्रं मिळून एक देखावा होतोय.

हे सगळं सुरू झालं आईच्या मोतीबिंदूपासून. दिवाळीनंतर तिच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्या डोळ्याला लख्ख दिसू लागलं, पण उजवा अजून धुरकटच होता. मग एक विचित्र गोष्ट होऊ लागली. चहा ओतताना धार कपाच्या कडेवर पडायची, बशी भरायची. सुईत दोरा ओवताना तो सुईच्या पुढून निघून जायचा. ती म्हणायची, "माझा हात थरथरत नाही रे, कपच सरकतो." मला वाटलं, वय झालं. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचारलं तेव्हा कळलं की दोष हाताचा नव्हता. जवळची वस्तू नेमकी किती लांब आहे, हे दोन्ही डोळे मिळून सांगतात. दोघांमध्ये साधारण साडेसहा सेंटीमीटर अंतर असतं, म्हणून दोघांना दिसणारं चित्र किंचित वेगळं असतं, आणि त्या फरकातून मेंदू खोली काढतो. एक डोळा धूसर झाला की तो हिशेबच बिघडतो.

त्या रात्री मी आजीचं कपाट उघडलं. तिचा तो जाड चष्मा आठवतो ना तुला, ज्यातून तिचे डोळे भलेमोठे दिसायचे? तिच्या काळी मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात नवं भिंग बसवत नसत, त्याची भरपाई बाहेरून चष्म्याने करावी लागे. आईच्या डोळ्यात आता आतच भिंग आहे. आजीचा चष्मा गच्चीत नेऊन दुपारच्या उन्हात कागदावर धरला. मागेपुढे करता करता बरोबर १० सेंटीमीटरवर उन्हाचे दोन टाचणीएवढे ठिपके पडले. १०० ला त्या सेंटीमीटरने भागलं की नंबर येतो, म्हणजे चष्मा प्लस १० नंबरचा. फूटपट्टीने ठिपक्यांमधलं अंतर मोजलं, ६१ मिलिमीटर. कागदातून धूर निघायला लागला म्हणून चष्मा पटकन बाजूला घेतला, पण मला हवी ती दोन्ही मापं मिळाली होती: फोटो भिंगापासून किती लांब ठेवायचे, आणि दोन फोटोंची मध्यं किती अंतरावर हवीत. बुटाच्या खोक्याला चष्मा बसवला, मधोमध पुठ्ठ्याचा पडदा उभा केला, म्हणजे एका डोळ्याला दुसऱ्याचं चित्र दिसत नाही. संपूर्ण यंत्र एवढंच.

गंमत म्हणजे ही कल्पना फोटोपेक्षा जुनी आहे. १८३८ साली चार्ल्स व्हीटस्टनने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आरशांचा स्टिरिओस्कोप, म्हणजे दोन चित्रांतून खोली दाखवणारं असंच यंत्र, मांडला तेव्हा फोटोग्राफीची घोषणा व्हायची होती, त्याने हाताने काढलेल्या रेखाकृतीच वापरल्या. भिंगांचा सुटसुटीत प्रकार ब्रूस्टरने १८४९ मध्ये आणला, आणि १८६१ मध्ये ऑलिव्हर वेंडेल होम्सने हातात धरायचा साधा स्टिरिओस्कोप बनवला. त्याने मुद्दाम पेटंट घेतलं नाही, कुणीही बनवावा म्हणून. मला तो माणूस फार आवडला.

फोटो काढायला वेगळा कॅमेरा लागत नाही. फोन छातीशी धरायचा, डाव्या पायावर भार देऊन एक फोटो, मग उजव्या पायावर भार देऊन दुसरा. फोन फक्त सरकवायचा, वळवायचा नाही आणि वरखाली होऊ द्यायचा नाही. माझे पहिले २०-२५ फोटो इथेच वाया गेले. एक चित्र जरासं वर असलं तरी डोळे ओढले जातात, डोकं चढतं. आता स्टिरिओफोटो मेकर नावाचं फुकट सॉफ्टवेअर वापरतो, ते दोन्ही चित्रं नीट ओळीत लावून देतं. किती सरकायचं याचा ठोकताळा असा: सगळ्यात जवळच्या वस्तूच्या अंतराचा तिसावा भाग. कुंडी २ मीटरवर असेल तर ६-७ सेंटीमीटर. मोगऱ्याची कळी ३० सेंटीमीटरवर, तर फक्त १. पर्वतीवरून शहराचा फोटो घेताना मी चक्क ५ मीटर चाललो, आणि घरी खोक्यात पाहिलं तर खालच्या इमारती दिवाळीच्या किल्ल्यावर मांडाव्यात तशा चिमुकल्या, एकेक सुटी!

पण या सगळ्यात ३ नंबरचा फोटो सावकाश बघ. तो पाताळेश्वराचा. बारावीला आपण तिथे अभ्यासाला बसायचो. आठव्या शतकातलं ते लेणं जंगली महाराज रस्त्याच्या गजबजाटाला खेटून, पण खाली उतरलं की गार. साध्या फोटोत तो गोल नंदीमंडप म्हणजे एक करडा ठोकळा दिसतो. खोक्यात पाहशील तेव्हा पुढचे चौकोनी खांब तुझ्याकडे येतील, त्यांच्या फटींतून नंदी आत, पलीकडचे खांब त्याहून मागे, आणि मधली हवासुद्धा जाणवेल. एकाच पाषाणातून हे कोरताना कारागिरांनी दगड नाही, पोकळी घडवली, हे मला इतक्या वर्षांनी त्या पुठ्ठ्याच्या खोक्यात उमगलं. फोटो उलटसुलट लावू नकोस मात्र. डावा-उजवा बदलला की मागचं पुढे येतं आणि बघवत नाही. मागे पेन्सिलीने डा. आणि उ. लिहिलंय.

आईला मी पहिल्यांदा खोकं दाखवलं तेव्हा तिला काहीच दिसलं नव्हतं. "एक स्पष्ट आहे, एक पुसट आहे," एवढंच म्हणाली. माघात उजवा डोळाही झाला. महिन्याभराने तिने आपणहून खोकं मागितलं. आपल्याच बाल्कनीतल्या मोगऱ्याचा फोटो होता. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग उजवा हात उचलला आणि हवेत पान धरायला गेली, बोट पुठ्ठ्यावर आपटलं. "अगं बाई, हे पान तर माझ्या नाकाशी आलंय!" संध्याकाळी चहा तिनेच गाळला. बशी कोरडी होती. मी ती धुवायला न नेता थोडा वेळ तशीच ओट्यावर ठेवली.

आजीचा चष्मा माझ्याकडेच ठेवलाय. तुझ्या खोक्यात नवी भिंगं बसवलीत. तुला जवळचा चष्मा असेल तरी तो काढून बघ.

आता तू मला एक जोडी पाठव. गुहागरच्या तुमच्या विहिरीची. कठड्यावरून वाकून काढ, जवळची कड दीड मीटरवर येईल, तेव्हा ५ सेंटीमीटर सरकलं की पुरे. कठड्यावर फळी टाकून तिच्यावरून फोन सरकवलास तर हात हलणार नाही. बाराच्या सुमारास काढ, तेव्हा ऊन पाण्यापर्यंत पोचतं. आई लग्नाआधी एकदा तुमच्याकडे आली होती म्हणे, आणि ती विहीर किती खोल आहे ते तिला अजून आठवतंय. तिला ती पुन्हा बघायची आहे.

काकूंना नमस्कार.

तुझा,
अविनाश