तिसऱ्यांदा विचारलेला प्रश्न

शांघाय, रविवार रात्र

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलताना माझा आवाज पुन्हा चढेल अशी भीती वाटते, म्हणून लिहायला बसले.

मागच्या रविवारी बाबांनी मोबाईलवरून लाईटबिल कसं भरायचं ते तिसऱ्यांदा विचारलं आणि मी म्हणाले, "किती वेळा तेच तेच सांगू?" बाबा, तुम्ही नुसतं "बरं, राहू दे" म्हणालात आणि फोन आईकडे दिलात. दुसऱ्या दिवशी मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याने, भर उन्हात तुम्ही बिलाच्या रांगेत उभे होतात, हे आईने बोलता बोलता सांगितलं. तेव्हापासून मला चैन नाही.

चिनी भाषा पक्की व्हावी म्हणून मी कन्फ्यूशियसची वचनं वाचते, हे तुम्हाला माहीत आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा मास्तर. एका शिष्याने त्याला आई-वडिलांच्या सेवेबद्दल विचारलं. तो म्हणाला, हल्ली त्यांना पोसलं की सेवा झाली असं लोक समजतात. पण कुत्र्या-घोड्यांनाही आपण पोसतोच. मनात आदर नसेल तर फरक काय राहिला? दुसऱ्या एका शिष्याला त्याने दोनच चिनी अक्षरांत उत्तर दिलं: "चेहरा अवघड." कष्टाची कामं अंगावर घेणं, थोरांना आधी वाढणं हे जमून जातं. ते करताना तोंडावर आठी न येऊ देणं, हे खरं कठीण.

मी एक तारखेला न चुकता पैसे पाठवते. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या घरपोच येतील असं बघते. एवढ्यावर मी समाधानी होते. चेहऱ्याचं मी कधी धरलंच नव्हतं.

इथे हा प्रश्न घराघरात आहे. १९८० ते २०१५ एकच मूल होऊ देण्याचा नियम होता. माझ्याबरोबर काम करणारी एक जण तशीच एकुलती एक. नवरा धरून चार म्हाताऱ्यांचं दोघांवर, आणि आई-वडील दूर अनह्वेई प्रांतात. १ जुलै २०१३ पासून तर दूर राहणाऱ्या मुलांनी आई-वडिलांना वरचेवर भेटावं, विचारपूस करावी, असं कायद्यातच आलं. त्याच सुमारास इथून जवळच्या वूशी शहरातल्या कोर्टाने एका मुलीला ७७ वर्षांच्या आईकडे दर दोन महिन्यांनी जायचा हुकूम दिला. आपल्याकडचा २००७ चा कायदा मुख्यतः निर्वाहाच्या पैशांचं बघतो, इथला भेटीपर्यंत गेला. पण दारात उभ्या राहिलेल्या त्या लेकीने आईकडे कसं बघावं, ते कुठलं कोर्ट लिहून देणार?

आई, तू विचारशील, लेकीबद्दल काय म्हणतो तुझा हा मास्तर? त्याचे शिष्य सगळे पुरुष, त्यामुळे सगळं बोलणं मुलग्यांशीच. ते मला खटकतं. पण तुम्ही आम्हा दोघी बहिणींना कधी मुलग्यांपेक्षा कमी धरलं नाहीत, मग त्यातली जबाबदारी तेवढी मी का टाळू?

तो असंही म्हणतो, आई-वडील असताना लांब जाऊ नये. गेलात तर ठावठिकाणा पक्का असावा. मी तर लांब आलेच. २०२० पासून पाच वर्षं थेट विमानं बंद होती, तेव्हा "बघू, जमलं तर येते" एवढंच सांगत राहिले. आई, त्या "बघू"वर तू किती वेळा लाडवांचं सामान आणून ठेवलंस! आता वसंतोत्सवाच्या, म्हणजे इथल्या नववर्षाच्या, सुट्टीत येते. तिकीट काढलं की त्याच दिवशी तारीख कळवते, कॅलेंडरवर लिहून ठेव.

आणि बाथरूममधल्या आधाराच्या दांडीचं. आई-वडिलांचं चुकत असेल तर हळुवार सांगावं, ऐकलं नाही तरी आदर सोडू नये, असं तो म्हणतो. मी "पडल्यावर कळेल" म्हणाले होते. बाबा, ते शब्द मी परत घेते. दांडी मात्र लावून घ्या, एवढी विनंती.

२०१२ मध्ये इथे मुलांच्या कर्तव्यांची नवी चोवीस कलमी यादी निघाली होती. आई-वडिलांना इंटरनेट शिकवावं हे त्यात आहे, आणि त्यांच्या जुन्या गोष्टी नीट ऐकाव्यात हेही. दोन्हींत मी तुम्हाला मध्येच तोडलं आहे. ७२ च्या दुष्काळात तुम्ही खडी फोडायला गेलात, सुकडी मिळायची, इथवर मला ठाऊक आहे. पुढचं मी कधी ऐकूनच घेतलं नाही.

येत्या रविवारी तुमच्या संध्याकाळी सातला, म्हणजे इथल्या साडेनऊला, फोन करते. बाबा, चष्मा आणि लाईटबिल जवळ ठेवा. आधी बिल, अगदी पहिल्यापासून. मग खडीचं सांगा. दुसऱ्या दिवशी मला सुट्टी आहे.

तुमची,
धाकटी