आई-बाबा, आज रात्रीच एक खोली नीट बंद करा

प्रिय आई-बाबा,

काल फोनवर बोलता बोलता बाबा तीनदा थांबून खोकले आणि आई म्हणाली "काही नाही गं, जरा वास येतोय धुराचा", तेव्हापासून माझं कशात लक्षच नाहीये. आई, तो नुसता वास नाही, आणि वास गेला म्हणजे धूर गेला असंही नसतं गं. वणव्याच्या धुरातले ते पीएम २.५ म्हणजे अगदी बारीक कण केसाच्या जाडीच्या जेमतेम १/३० असतात, नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसात उतरतात आणि बाबांच्या हार्टलाही त्याचा त्रास होऊ शकतो.

सगळं घर सांभाळायला जाऊ नका, झोपायची खोली तेवढी धरा. खिडक्या लावा, दाराखालच्या फटीत जुना टॉवेल गच्च कोंबा आणि हॉलमधला एअर प्युरिफायर तिकडे हलवा, एवढ्या मोठ्या हॉलला तो पुरतच नाही. आणि बाबा, आवाज होतो म्हणून रात्री तो बंद करू नका प्लीज. मागच्या वर्षी आमच्याकडे धूर होता तेव्हा मी प्युरिफायरमधला हेपा फिल्टर, म्हणजे बारीक कण अडवणारी गाळणी, काढून बघितला, पांढराशुभ्र होता तो घड्यांच्या आतपर्यंत राखेसारखा करडा झालेला, बोट फिरवलं तर बोट काळं. ते सगळं आपल्या छातीत गेलं असतं हे डोक्यातून जातच नाही माझ्या. तुमचाही फिल्टर उघडून बघा, करडा दिसला तर लगेच बदला.

एसी लावलात तर रिसर्क्युलेशनवर, म्हणजे आतलीच हवा फिरवेल असा ठेवा, कूलर मात्र नको, तो बाहेरचीच हवा आत ओढतो. आई, थोडे दिवस तळण बंद, मेणबत्ती-उदबत्तीही नको, आणि झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घे, नाहीतर खाली बसलेले कण परत उडतात. कोणी ओझोन सोडणारं मशीन विकायला आलं तर अजिबात घेऊ नका, ओझोनने फुप्फुसाला उलट त्रासच होतो. बाहेर जावंच लागलं तर एन-९५ मास्क लावा, रुमाल बांधून काही होत नाही.

खोली खूप तापली तर मात्र कोंडून घेऊन बसू नका, मला फोन करा, थंड आणि स्वच्छ हवेच्या ठिकाणी जायची सोय मी करते. एक्यूआय, म्हणजे हवेच्या प्रदूषणाचा आकडा, खाली आला की खिडक्या सताड उघडा, साठलेली हवा जाऊ दे. आणि बाबांना धाप लागली किंवा छातीत दुखलं तर सकाळची वाट न बघता सरळ हॉस्पिटल गाठा, मला नंतर कळवलंत तरी चालेल.

टॉवेल लावला की फोटो पाठवा.

तुमची,
ताई