मधली दोरी धरणाऱ्या दादांस

गोव्यातल्या मांडवी नदीच्या तरंगत्या धक्क्यावरचे दादा,
सप्रेम नमस्कार.

नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे उघड पत्र. त्या सकाळी माझी नौका धक्क्याला लागताना तुम्ही फक्त एक दोरी धरलीत. पण ती कशी धरलीत, हे किनाऱ्यावर उभं राहणाऱ्या प्रत्येकाला कळायला हवं.

ओहोटी भरात होती आणि मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा, अजून थांबला नव्हता. पाणी आणि वारा, दोन्ही पश्चिमेला ढकलणारे. दुपारचा, समुद्राकडून येणारा खारा वारा असता तर त्यानं थोडा तरी आधार दिला असता. धक्क्याचा फाटा, म्हणजे नौका बांधायची बाहेर आलेली अरुंद पट्टी, उजवीकडे, प्रवाहाच्या वरच्या अंगाला. डावीकडे २ मीटरवर दुसरी नौका. दीड नॉटची ओढ म्हणजे सेकंदाला पाऊण मीटर. ३६ फुटी, ६ टनांची शिडाची नौका शेजारच्या नौकेवर जायला ३ सेकंद पुरतात. थांबायला इंजिन मागे टाकावं, तर नौकेखालचा उजव्या फिरतीचा पंखा पिछाडी डावीकडेच ओढतो, नेमकी नको तिकडे.

आधीच्या मुक्कामी हेच झालं होतं. नाळेची, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाची, दोरी हाती पडताच तिथल्या तिघांनी ती जीव खाऊन ओढली. नाळ आत आली, पिछाडी बाहेर फिरली, प्रवाह आडव्या अंगावर बसला आणि कठड्याचा खांब वाकला. वर त्यांचंच बोलणं ऐकून घ्यावं लागलं. तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही नाळेकडे पाहिलंही नाहीत. ‘मधली दी’ म्हणालात, म्हणजे नौकेच्या मध्यावर बांधलेली दोरी. १४ मिलिमीटरची नायलॉनची दोरी फाट्याच्या बाहेरच्या टोकाच्या क्लीटवर, म्हणजे दोरी अडकवायच्या दोन शिंगांच्या खुंटीवर, नेलीत, लांबच्या शिंगाखालून एक पूर्ण वेढा घेतलात आणि तिथेच थांबलात. गाठ नाही, हिसका नाही. दोरी ताणली तशी तुम्ही ती इंचाइंचानं सरकू दिलीत. पिळातून पाण्याचे थेंब बाहेर येत होते. तुमची बोटं क्लीटपासून हातभर लांब होती. दुसऱ्या हाताचा पंजा खाली दाबत तुम्ही म्हणालात, ‘सवकास, सवकास.’

तो खाली दाबलेला पंजा डोळ्यांसमोरून हलत नाही. त्यात हुकूम नव्हता, ‘मी आहे’ एवढंच होतं. नौका धक्का न बसता थांबली, इंजिन मागे टाकावंच लागलं नाही. मग इंजिन हळू पुढे, चाक डावीकडे. दोरी नौकेला पुढे जाऊ देईना आणि सुकाणू पिछाडी फाट्याकडे रेटत राहिलं. नौका फेंडरवर, म्हणजे कडेला लावलेल्या धक्का सोसणाऱ्या फुग्यांवर, टेकून उभी राहिली. नाळेची आणि पिछाडीची दोरी नंतर निवांत बांधता आली.

धक्क्यावर ओढणारे हात पुष्कळ मिळतात. येणाऱ्याची नौका काय करते आहे हे आधी पाहणारा, त्याच्या चुकीवर आवाज न चढवणारा माणूस विरळा. असा माणूस मांडवीकाठी भेटला, याचं फार समाधान आहे.

पुढच्या वेळी आत वळण्याआधीच मधली दोरी मोकळी करून, कठड्याच्या बाहेरून घेऊन तयार असेल. टोक तुमच्याच हाती येईल.

देव बरें करूं.