बारा अँपिअर, पन्नास मीटर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकात छतावरच्या सौरऊर्जेवर अधूनमधून लेख येतात, जाहिराती तर रोजच. त्यांत अनुदान असतं, कर्जाचा हप्ता असतो, 'वीजबिल शून्य' असतं. वायर कुठेच नसते. माझ्या घरी सगळा घोळ वायरीनेच घातला, म्हणून हे लांबलेलं पत्र. जागेअभावी कापावं लागलं तर माझी कर्मकथा कापा, आकडे ठेवा.

आमचा वाडा सांगलीच्या गावभागातला, दोन चौकांचा, लांबलचक. २००५, २०१९, २०२१, तिन्ही पूर त्याने अंगावर घेतले. २०१९ साली कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा ओसरीवरचं सगळं आम्ही चिखलातून उपसून टाकून दिलं होतं. पुढे केंद्राची सूर्यघर योजना आली (तीन किलोवॉट आणि त्यापुढे ७८ हजार रुपये अनुदान, हे आता शेंबडं पोरही सांगतं). आम्हीही पॅनेल बसवायचं ठरवलं. कोटेशनमध्ये इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरच्या विजेसारखी करून लाइनीत सोडणारं यंत्र) मीटरशेजारी, ओसरीच्या भिंतीला होता. बसवणारा मुलगा माझाच जुना विद्यार्थी. म्हटलं, "अरे, इथं पाणी डोक्यावरून जातं. वर गच्चीच्या जिन्यापाशी लाव." "बरं बाई," म्हणाला आणि लावला. मीटरपासून इन्व्हर्टरपर्यंतचं अंतर पाच मीटरवरून पन्नासवर गेलं: दोन चौक ओलांडायचे, मागचा जिना चढायचा. कोटेशनमधली केबल मात्र तीच राहिली. अडीचची (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर छेदाची), तांब्याची.

दिवाळीनंतर सगळं सुरू झालं आणि फेब्रुवारीपर्यंत मी खूश होते. मग ऊन तापायला लागलं तशी गंमत सुरू झाली. सकाळी नऊला इन्व्हर्टर छान चालायचा, चारलाही चालायचा. बंद पडायचा तो नेमका साडेअकरा ते दोन, म्हणजे ज्या वेळेसाठी एवढे पैसे घातले त्याच वेळेला. मोबाइलवरचा आलेख सकाळी टेकडीसारखा चढायचा आणि माथ्यावर करवतीच्या दात्यांसारखा व्हायचा. पडद्यावर अक्षरं यायची: ग्रिड ओव्हर व्होल्टेज, म्हणजे लाइनचं व्होल्टेज मर्यादेबाहेर.

यामागचा नियम साधा आहे. लाइनचं व्होल्टेज २३०च्या ११० टक्क्यांवर, म्हणजे २५३च्या वर गेलं की इन्व्हर्टरने दोन सेकंदांच्या आत लाइनपासून सुटायचं. व्होल्टेज खाली आलं तरी किमान ६० सेकंद थांबून मगच पुन्हा जोडून घ्यायचं. म्हणून ते करवतीचे दाते. पण गल्लीतल्या लाइनला २५३ कुठून येणार? मी खाली जाऊन मीटरवर पाहिलं, भर दुपारी २४४. वर इन्व्हर्टरवर त्याच मिनिटाला २५३. मधले नऊ व्होल्ट माझ्याच भिंतीतल्या नळीत होते.

आजवर आपण वीज खांबावरून घरात घेत आलो. वायर बारीक असली की घरात व्होल्टेज कमी पडायचं, दिवे मंद व्हायचे. सोलरमध्ये प्रवाह उलटा, घरातून खांबाकडे. खांबाकडे ढकलायचं तर इन्व्हर्टरला खांबापेक्षा वरच्या पातळीवर चढावंच लागतं. सांगलीकरांना हे वेगळं समजवायला नको. हरिपूरच्या संगमावर वारणा चढलेली असली की कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही आणि इकडे घाटाच्या पायऱ्या एकेक करून बुडायला लागतात. पुढची पातळी आधीच चढलेली आणि त्यात वाट अरुंद, मग मागे फुगवटा येणारच. दुपारी गल्लीतले सगळेच सोलरवाले लाइनीत वीज सोडत असतात, म्हणून पुढची पातळी २४४. अरुंद वाट म्हणजे माझी अडीचची केबल.

गणित दहावीच्या पोराला येईल असं आहे. एक मीटर लांब, एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध, तार तापलेली धरून, ०.०२ ओहम घ्या. वीज जाऊन परत येते म्हणून अंतर दुप्पट: पन्नासचे शंभर मीटर. शंभर गुणिले ०.०२ भागिले अडीच, झाले ०.८ ओहम. तीन किलोवॉटचा इन्व्हर्टर भर उन्हात १२ अँपिअर देतो. बारा गुणिले ०.८ म्हणजे ९.६ व्होल्ट. त्यात २४४ मिळवा. २५३.६.

इन्व्हर्टर शहाणाच होता हो, नियम पाळत होता.

मी विद्यार्थ्याला बोलावलं. त्याचं म्हणणं, "बाई, अडीचची वायर वीस अँपिअर आरामात घेते, तुमचे तर बाराच आहेत." खरं आहे त्याचं. वायर गरम होऊन जळणार नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं. ती पन्नास मीटरवर किती व्होल्ट खाईल, हा वेगळा प्रश्न आणि तो त्याने स्वतःला विचारलाच नव्हता. मग म्हणाला, "सेटिंगमध्ये लिमिट वाढवून देतो, दोन मिनिटांचं काम." आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! वरच्या मजल्यावरचे पंखे, टीव्ही इन्व्हर्टरजवळच्याच बोर्डावर आहेत. त्यांना २५५, २५८ व्होल्ट पाजायचे आणि पडदा गप्प बसवायचा? मी त्याला फळ्यासमोर उभं केल्यासारखं कागदावर गणित करायला लावलं. आलं की त्याला, न अडखळता. ओहमचा नियम आठवीत त्याला मीच शिकवला होता, तेव्हा निम्मा दोष माझा धरायला हरकत नाही.

आम्ही दहाची तांब्याची केबल टाकली. शंभर गुणिले ०.०२ भागिले दहा, गुणिले बारा: २.४ व्होल्ट. दुसऱ्या दिवशी दुपारी मीटरवर २४४ असताना इन्व्हर्टरवर २४६ दिसलं आणि आलेखाचे दाते गेले. सहाच्या केबलने चार व्होल्ट गेले असते, तेही चाललं असतं. पण उन्हाळ्यात गल्लीची पातळी आणखी एखाद-दोन व्होल्ट चढली तर पुन्हा तोच धिंगाणा नको, म्हणून दहा. सोळाची ॲल्युमिनियमची टाकली असती तर जवळपास तोच हिशोब आणि स्वस्तात, ॲल्युमिनियमला ०.०२ऐवजी ०.०३३ धरायचं. मात्र ॲल्युमिनियमची टोकं तांब्याच्या पट्टीला नुसती पिळून बसवत नाहीत, त्याला द्विधातू लग (एकीकडे ॲल्युमिनियम, दुसरीकडे तांबं असं जोडटोक) लागतो. नाहीतर सांधा काळा पडतो.

'अडीचची' म्हणतो ती अडीच मिलिमीटर जाड नसते, हे दुकानात सांगितलं तर लोक चकित होतात. ते छेदाचं क्षेत्रफळ आहे. चारच्या वायरीचा व्यास सव्वादोन मिलिमीटर भरतो. जुन्या वाड्यांमध्ये आणखी वेगळी बाराखडी सापडते, सात-वीस, तीन-बावीस अशी. सात-वीस म्हणजे वीस नंबरच्या सात तारा, आजच्या हिशोबाने साडेचार चौरस मिलिमीटर. तीन-बावीस जेमतेम सव्वा. आणि गेजचा नंबर वाढला की तार बारीक होते! आमच्या सासऱ्यांच्या वेळचे वायरमन हे पाढ्यासारखं म्हणत. जुन्या वायरिंगला सोलर जोडणाऱ्यांनी आधी भिंतीत काय आहे ते उघडून पाहावं.

गंमत अशी की विकणारे लोक पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या केबलचंच कौतुक सांगतात. "बाई, ओरिजिनल सोलर केबल आहे, चारची." होती खरीच. पण ते अंतर दहा मीटर, करंट १३ अँपिअर, आणि सहा पॅनेल एका माळेत जोडल्यामुळे व्होल्टेज अडीचशेच्या घरात. तिथे सव्वा व्होल्ट जातो, कुणाच्या लक्षातही येत नाही. दहा मीटरला चारची आणि पन्नास मीटरला अडीचची, असा आमच्याकडे उलटा कारभार झाला होता.

पॅनेलकडून येणारी वीज डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी. त्या डीसी केबलमध्ये जाडीपेक्षा जात महत्त्वाची. घरातली साधी पीव्हीसी वायर गच्चीवर टाकू नये, उन्हाने तिला भेगा पडतात. आयएस १७२९३ असं छापलेली घ्यावी. घरातली एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे ठिणगी विझायला वाव असतो. डीसीला शून्यच नाही, पेटलेली ठिणगी पेटलेलीच राहते. शिवाय पॅनेलचा शॉर्ट झाला तरी करंट नेहमीपेक्षा थोडाच जास्त असतो, फ्यूज उडेल या भरवशावर राहता येत नाही. आणि खालचा मेन स्विच पाडला तरी दिवसा गच्चीपासून इन्व्हर्टरपर्यंतची तार जिवंतच असते. पुराच्या वेळी हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. आमच्याकडे डीसीचा स्विच जिन्याच्या वरच्या टोकाला, हाताशी आहे.

कोटेशनमध्ये केबलपुढे 'प्रत्यक्ष जागेनुसार' असे दोनच शब्द असतात. तिथे लांबी, चौरस मिलिमीटर, धातू आणि किती टक्के व्होल्टेज जाणार, एवढं लिहून मागा. दोन टक्क्यांच्या वर आकडा असेल तर सही करू नका. आणि पुराच्या भीतीने इन्व्हर्टर वर नेत असाल (न्यावाच!) तर त्याच दिवशी टेप घेऊन अंतर मोजा आणि कोटेशन नव्याने करून घ्या.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
गावभाग, सांगली

ता. क. : तासगावच्या भाच्याला हे पत्र वाचून दाखवलं. त्याच्या बेदाणा शेडवर पॅनेल बसायचे आहेत आणि शेडपासून मीटर ऐंशी मीटरवर. घाबरून म्हणाला, "मावशी, मग मला पंचवीसची टाकावी लागेल का गं?" त्याच्याकडे थ्री फेज जोडणी आहे. इन्व्हर्टरही थ्री फेजचा घेतला तर तेवढीच वीज तीन तारांत वाटली जाते (प्रत्येकीत तिसरा हिस्सा करंट, आणि परतीच्या तारेत व्होल्ट जात नाहीत) आणि सिंगल फेजमध्ये जेवढे व्होल्ट गेले असते त्याच्या फक्त सहावा हिस्सा तीच केबल खाते. त्याला चारची पुरेल.