चार मतं दिली, पण फोन कोणाला करायचा?

संपादक महोदय,

महापालिका निवडणुकीतल्या चार सदस्यांच्या प्रभागाचं कौतुक करणारा लेख तुमच्या रविवारच्या अंकात वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. एका प्रभागात चार नगरसेवक म्हणजे सगळ्यांना प्रतिनिधित्व, हे ऐकायला छान वाटतं, पण अ, ब, क, ड या चारही जागांची मोजणी वेगवेगळी होते आणि प्रत्येक जागी सर्वांत जास्त मतं घेणारा निवडून येतो, त्यामुळे ज्या पक्षाची हवा असेल त्याचं अख्खं पॅनल निघू शकतं आणि तीस-पस्तीस टक्के मतं घेणाऱ्याच्या हाती भोपळा. स्कॉटलंडमध्ये स्थानिक निवडणुकांना २००७ पासून बहुतेक ठिकाणी तीन-चार सदस्यांचेच वॉर्ड आहेत, पण तिथे मतदार एकाच मतपत्रिकेवर १, २, ३ असा पसंतीक्रम लिहितो, म्हणून जागा साधारण मतांच्या प्रमाणात वाटल्या जातात. आपण वॉर्ड तेवढा फुगवला, मोजणी जुनीच ठेवली. (मुंबईत २२७ जागांना एक वॉर्ड एक नगरसेवक चालतो, मग पुण्याचंच काय घोडं मारलंय?)

जानेवारीत महापालिकेच्या मतदानाला आमच्या आईने तीन बटणं दाबली आणि निघाली, बीप काही वाजला नाही, मग केंद्रावरच्या बाईंनी हाक मारून परत बोलावलं. चौथं बटण कुठलं दाबलं हे तिला अजून सांगता येत नाही. आणि गल्लीतलं ड्रेनेज तुंबलं की चौघांना फोन लावायचा, प्रत्येक जण म्हणतो, ते त्यांच्याकडे आहे.

एक वाचक, कोथरूड, पुणे